स्पायडरमॅन राजा, मे काकू प्रधान

शनिवारची दुपार. बाहेर धो धो पाऊस, सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कुणाचं तरी बारसं, टीव्हीचा रिमोट मी लपवलेला आणि नऊ वर्षांच्या आमच्या कन्यारत्नाचं ‘आई, बोअर होतंय’ हे पालुपद पंधराव्यांदा. ज्यांच्या घरी या वयाचं कार्टं आहे, त्यांना पुढचा सीन सांगायला नकोच!

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात यावर एक तोडगा निघाला. तोडगा कसला, खूळच ते. डायनिंग टेबलवर जुनी वर्तमानपत्रं अंथरायची आणि घरातल्या चौघांनी मिळून काहीतरी रंगवायचं. चौघं म्हणजे मी, नवरा, लेक आणि अण्णा, माझे वडील. नियम दोनच. विषय आपल्या आवडीचा घ्यायचा. सिनेमा, कार्टून, कॉमिक्स, काहीही चालेल. पण स्टाइल उसनी घ्यायची ती अशा कलाकाराची, ज्याचं नाव ऑफिसात दहा जणांना विचारलं तर नऊ जण नुसतेच खांदे उडवतील. व्हॅन गॉग आणि मोनालिसाला आमच्याकडे बंदी आहे. त्यांचं तसंही बरं चाललंय.

मी एका डिझाइन एजन्सीत आहे, त्यामुळे आठवडाभर स्क्रीनकडे बघून डोळ्यांचं पाणी पाणी झालेलं असतं. वीकएन्डला पुन्हा रंग? असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

पोकेमॉन कार्ड्स, पण राजवाड्यातली

झालं असं, की मेच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. परतताना नवऱ्याला सावंतवाडीची लाकडी फळं घ्यायची होती. ‘राजवाडा बघू, अर्धा तास’ म्हणून आत शिरलो आणि दोन तास तिथेच! दरबार हॉलमध्ये कारागीर बसून काम करत असतात आणि आपण शेजारी उभं राहून बघू शकतो. एका काकूंच्या हातात पुरीएवढा एक गोल पत्ता होता आणि त्या डोळ्यांजवळ धरून त्यावर मासे काढत होत्या. एक मासा माझ्या नखाएवढा.

ही गंजिफा. पत्त्यांचाच खेळ, पण पत्ते गोल. इराणकडून आपल्याकडे आलेला. बाबराने 1527 साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघलांच्या संचात आठ रंग आणि 96 पत्ते असायचे. आपल्याकडे आल्यावर त्याला अस्सल देशी तडका मिळाला. दशावतार गंजिफा, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते. एकूण 120. आकडा नाही, अक्षर नाही. मत्स्याच्या दुर्रीवर दोन मासे, दश्शीवर दहा. कूर्माला कासव, परशुरामाला परशू. मोजा आणि खेळा.

आणि ही कला जवळजवळ संपलीच होती, बरं का. 1970च्या दशकात सावंतवाडीत ती नीट येणारे एकच म्हातारे कारागीर उरले होते, पुंडलिक चितारी. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी या राजदांपत्याने त्यांना राजवाड्यात बोलावलं. सत्त्वशीलादेवी स्वतः त्यांच्यासमोर शिकायला बसल्या आणि मग गावातल्या मुलामुलींना शिकवून राजवाड्यातच काम सुरू झालं. एका माणसाच्या हातात उरलेली गोष्ट दुसऱ्या हातात गेली म्हणून वाचली. विचार करा, ते चितारी आणखी पाच वर्षं आधी गेले असते तर?

माझ्या लेकीला यातलं काही ऐकायचं नव्हतं. तिने काचेला नाक लावलं आणि ओरडली, ‘‘आई, ही तर पोकेमॉन कार्ड्स! राजा म्हणजे लेजेंडरी, प्रधान म्हणजे रेअर!’’

अगदी बरोबर. मला हे सुचलं नसतं.

संच घेतला. किंमत ऐकून नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

बांगडीनं आखून होत नाही

घरी आल्यावर लेकीचं फर्मान निघालं. आपण आपली गंजिफा करायची, फुल 120 पत्त्यांची. दहा अवतारांऐवजी दहा हिरो. रात्री जेवताना यादीवरून जे महाभारत झालं त्याला तोड नाही. शेवटी प्रत्येकाला दोन-दोन हिरो दिले आणि उरलेले दोन चिठ्ठ्या टाकून काढले. स्पायडरमॅन आणि हॅरी पॉटर लेकीचे. माझ्याकडून सुपंडी आणि चिंटू. नवऱ्याने भक्तिभावाने रजनीकांत आणि ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू दिला. (प्रधान कोण? कुबड्या खवीस. यावर मात्र घरात एकमत होतं.) चिठ्ठीत चाचा चौधरी आणि छोटा भीम निघाले. चाचांचा प्रधान साबू, भीमाची चुटकी. स्पायडरमॅनला प्रधान मिळेना, तर लेक म्हणाली, मे काकू. कारण ती त्याला जेवायला देते. राज्य चालवायला आणखी काय लागतं?

खुणाही ठरल्या. स्पायडरमॅनला जाळं, हॅरीला चष्मा, रजनीकांतला गॉगल, भीमाला लाडू, चिंटूला बॅट.

अण्णांना त्यांचे दोन हिरो विचारले. ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले, ‘‘मला काय विचारताय? मी कुठं खेळाललोय.’’ दोन जागा रिकाम्या राहिल्या.

पहिल्या शनिवारी आम्ही जी काही माती खाल्ली ती सांगण्यासारखी आहे. लग्नपत्रिकांचे जाड कागद घेतले, माझी बांगडी ठेवून गोल आखले, कात्रीने कापले आणि वर ॲक्रिलिक रंग. अर्ध्या तासात सगळे पत्ते पापडासारखे वळले. गोल तर एकही नाही, सगळे बटाट्याच्या आकाराचे. लेक रडायच्या बेतात.

बाल्कनीतून आवाज आला, ‘‘बांगडीनं आखून होत न्हाई. कंपास हाय का घरात?’’

पेंटर

अण्णांबद्दल थोडं सांगायला हवं. ते कोल्हापूरचे. कोल्हापुरात ‘पेंटर’ हा शब्द आडनावासारखा लागतो. बाबूराव पेंटरांचं खरं आडनाव मेस्त्री, हे किती जणांना ठाऊक असेल? अण्णांनाही गल्लीत सगळे नुसतं ‘पेंटर’ म्हणायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, गणपती मंडळांचे देखावे आणि थिएटरवर लागणारे सिनेमाचे मोठमोठे बॅनर. दहा फुटी चेहरा काढायचा कसा, हे मी लहानपणी पाहिलंय. हातात पोस्टकार्डएवढा फोटो, त्यावर पेन्सिलीने बारीक चौकटी. समोर कापड, त्यावर सुताला खडू लावून मोठ्या चौकटी. लहान चौकटीतलं मोठ्या चौकटीत. जवळून बघितलं तर नुसते लाल-निळे फराटे आणि रस्त्यापलीकडे गेलं की अमिताभ!

मग फ्लेक्स आलं. आणि इथे माझा पार्ट सुरू होतो.

2004 साल, माझी पहिली नोकरी, कोल्हापुरातच. एका कापड दुकानाची पाटी दर दिवाळीला अण्णा नव्याने रंगवायचे. शिडी लावून तीन दिवसांचं काम. त्या वर्षी ते काम आमच्या ऑफिसात आलं आणि माझ्याच टेबलवर पडलं. कोरलड्रॉमध्ये दुपारी बसले, संध्याकाळी फ्लेक्स छापून तयार. दुकान कुठलं हे ऑर्डर फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं. नवीन नोकरी होती, साहेबांना काय सांगणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढे वीस वर्षं तेच सांगत राहिले.

अण्णांनी ते फ्लेक्स बघितलं. रात्री जेवताना एवढंच विचारलं, ‘‘त्या अक्षराला काय म्हणत्यात गं कंप्युटरवर?’’ मी फॉन्टचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आमटी मागितली. दोनेक वर्षांत त्यांचे ब्रश बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गेले. विषय पुन्हा निघाला नाही.

आई गेल्यावर ते आमच्याकडे पुण्याला आले. मागच्या एप्रिलमध्ये मोतीबिंदू काढला. आता दिसतं स्वच्छ, पण हात कापतो. दिवसभर बाल्कनीत पेपर. त्यामुळे त्या शनिवारी ‘कंपास हाय का’ ऐकलं तेव्हा मी आणि नवरा दोघंही गप्प झालो. लेक मात्र पळत जाऊन दप्तरातला कंपास घेऊन आली.

चिंचोक्याची खळ आणि दोन्ही बाजूंचा हात

आता कामाची गोष्ट, कारण तुमच्यापैकी काही जण हे करून बघणार, हे मला माहितीये.

पत्ते का वळले? कारण रंग एकाच बाजूला लागला. कागद एका बाजूने आकसतो आणि वळतो. अण्णांनी सांगितलं, चित्र राहू दे, आधी मागून-पुढून दोन्हीकडे सारखा हात मारा आणि वजनाखाली ठेवा. दुसरं, एकच जाड कागद घेण्यापेक्षा पातळ कागदांचे तीन-चार थर चिकटवायचे. जुन्या गंजिफात कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, वर खडूचा लेप, मग रंग, शेवटी लाखेची चकाकी. आम्ही चिंचोके भिजवले, साल काढली, मिक्सरमधून काढून शिजवले. (मिक्सरचं भांडं वेगळं घ्या. नवऱ्याच्या स्मूदीला आठवडाभर वास येत होता.) तेवढा वेळ नसेल तर सरळ फेविकॉल वापरा, कोणी पोलीस येत नाही. खडूच्या लेपाऐवजी पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन हात, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर. लाखेऐवजी साधं वॉर्निश, पण तेही दोन्ही बाजूंनी आणि खिडक्या उघड्या ठेवून. रंग, वॉर्निश, कागद धरून आमचा सगळा खर्च साडेसहाशे रुपये. एका मल्टिप्लेक्सच्या पॉपकॉर्नमध्ये अख्खा पावसाळा निघाला.

आणखी एक टिप, ही अण्णांची. ऑनलाइन मिळणाऱ्या ब्रशच्या मोठ्या सेटच्या नादी लागू नका. एक बारीक, एक मध्यम, दोन चांगले ब्रश बास.

चित्र काढायला अण्णांनी नकारच दिला. ‘‘हात धरत न्हाई आता.’’ मग एकदा लेकीने जाळ्याच्या रेषा काढता काढता वैतागून ब्रश त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, स्वयंपाकघरातलं लाटणं मागवलं, ते टेबलावर आडवं धरून त्यावर मनगट टेकवलं. शिडीवर उभं असताना पेंटर लोक हाताखाली काठी घेतात, तशी. आणि सर्रकन एक रेघ. मग दुसरी. कापरा हात लाटण्यावर बसला की कापत नव्हता.

‘‘याच्यात अक्षरं न्हाईत व्हय कुठं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाहीत आजोबा. फक्त मोजायचं.’’

‘‘बरं झालं,’’ म्हणाले.

मी ओट्याकडे तोंड करून उगाच भांडी आवरत राहिले.

अर्थात लगेच सगळं गोडगोड झालं असं समजू नका. पहिला मोठा राडा स्पायडरमॅनवरून झाला. अण्णांनी त्याच्या मुखवट्यावर चांगले टपोरे, पाणीदार, थेट सिनेमाच्या बॅनरवरचे डोळे काढले. लेकीने भोकाड पसरलं. त्याचे डोळे पांढरे असतात! अण्णांचं म्हणणं, बुबुळ नसेल तर माणूस बघणार कसा? दोघंही दोन तास बोलेनात. मग तह झाला. स्पायडरमॅनचे डोळे पांढरे राहतील, मे काकूला मात्र आजोबांचे डोळे. आमच्या संचातली मे काकू दिसायला थेट सुलोचनाबाईंच्या घरातली आहे. मला ती सगळ्यात आवडते.

सुपंडीची लेक

सुपंडीचा राजा मी काढला. काढता काढता सांगत होते, सुपंडी 1983 साली ‘टिंकल’मध्ये आला आणि त्याला तो चौकोनी चेहरा आणि शेंडी दिली राम वाईरकरांनी. अमर चित्र कथेच्या ‘कृष्ण’ची चित्रंही त्यांचीच. आपण दहा-दहा वेळा वाचलेली पुस्तकं आणि चित्रकाराचं नाव कुणाला विचारलं तर आठवणार नाही. वाईरकर 2003 साली गेले. त्यांच्यानंतर सुपंडी काढला तो त्यांच्या लेकीने, अर्चना आंबेरकर यांनी.

अण्णा प्रधानाची पागोटी रंगवत होते. हात थांबला.

‘‘तिला शिकवलं असंल त्यांनी.’’

‘‘असेल.’’

‘‘मी तुला न्हाई शिकवलं. पोरीला शिडीवर कुठं चढवायचं, म्हणून.’’ मग थोड्या वेळाने, पागोट्याकडेच बघत, ‘‘त्या दुकानाची पाटी तू केलतीस. ठाऊक हाय मला. ऑफिसातल्या पोरानं सांगितलं हुतं. ‘श्री’ जरा डावीकडं झालता.’’

वीस वर्षं! मी काय बोलणार? ‘‘हो, डावीकडे झाला होता,’’ एवढंच म्हटलं. लेकीने विचारलं, कसली पाटी? नवऱ्याने तिला चष्म्यांच्या अठ्ठीकडे वळवलं. आठ चष्मे काढायचे बाकी होते.

त्या रात्री अण्णांनी त्यांचे दोन हिरो सांगितले. एक दादा कोंडके, खूण अर्थातच चड्डीची नाडी. दुसरे बाबूराव पेंटर, खूण कॅमेरा.

मग सुटलोच

बाबूराव घरात आले आणि गंजिफा चार आठवडे बाजूला पडली. लेकीला कळेना की हे कसले हिरो. मग अण्णांनी ष्टोरी लावली. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे भाऊ नाटकांचे पडदे रंगवायचे. सिनेमा बघून पछाडले आणि कॅमेरा विकत घ्यायची ऐपत नाही, तर स्वतः बनवायला बसले. आनंदराव 1916 साली गेले, पण बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 साली ‘सैरंध्री’ आला. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी मंडळी याच तालमीतली. आणि आपल्या सिनेमांची पोस्टर्स बाबूराव स्वतः रंगवत!

त्यामुळे पुढचा प्रोजेक्ट म्हणजे घरच्या सिनेमाचं पोस्टर. सिनेमा कुठला? नवरा लेकीला सायकल शिकवताना स्वतः कुंडीत पडतो, तो मोबाइलवरचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. अण्णांनी चौकटी पाडायला शिकवलं. तीन फूट बाय दोन फूट कार्डशीट, नवऱ्याचा चेहरा भयभीत, मागे लालभडक आकाश, कुंडी हिरॉइनच्या जागी. ते आता आमच्या हॉलमध्ये लागलंय आणि सासूबाईंना ते अजिबात आवडलेलं नाही.

चित्रकथीचा प्रयोग मात्र फसला, तोही सांगते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची ही कला आहे. कागदावरची चित्रं एकेक करून दाखवत रामायण-महाभारतातली आख्यानं गाऊन सांगायची. अशा चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली आणि त्यांच्या कुटुंबाने तिथे घराजवळच संग्रहालय उभं केलंय. कोकणात बीचवर जाताना वाट वाकडी करून जरूर जा. आम्ही हॅरी पॉटरची पोथी करायला घेतली. सहा चित्रं झाली, मोठ्या डोळ्यांचा, एका बाजूने दिसणारा हॅरी झकास जमला. पण पोथीचं खरं इंगित चित्रात नाही, ती सांगण्यात आहे आणि आमच्या घरात सूर नावाची चीज कुणाकडेच नाही. नवऱ्याने दुसऱ्या चित्राला गायला सुरुवात केली आणि वरच्या मजल्यावरून फोन आला.

तर आता पुन्हा गंजिफा. सदतीस पत्ते झालेत, त्र्याऐंशी राहिलेत. पूर्ण व्हायची वाट कोण बघणार, म्हणून तयार पत्त्यांवरच आम्ही खेळायला लागलो. खऱ्या दशावतार गंजिफात दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो आणि रात्री कृष्णाचा. आमच्याकडे दिवसा स्पायडरमॅन, दिवे लागले की तात्या विंचू. आणखी एक गंमत, निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा. कुठल्या रंगात काय, हे लेकीला पाठ झालंय. माझं रोज चुकतं आणि अण्णा पत्ते मोजून खेळतात, त्यामुळे जिंकतात.

मागच्या रविवारी त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला. पत्ते ठेवायची लाकडी पेटी सुताराकडून करून आणलीये, तिच्या झाकणावर नाव टाकायचं होतं. ‘सुपर गंजिफा’, मतदानाने ठरलेलं. ब्रश बहुतेक कडक झालेत, टर्पेंटाइनमध्ये रात्रभर ठेवून दोनच वाचले. लेकीने लाटणं धरलं. ‘सुपर’ झालं, ‘गं’ झाला, आणि मग त्यांनी ब्रश खाली ठेवला. हात थकला म्हणून नव्हे. ‘जि’च्या वेलांटीला खारीच्या केसांचा जुन्या पद्धतीचा तीन नंबर पाहिजे म्हणाले. पुण्यात दोन दुकानं पालथी घातली, मिळाला नाही. भाऊ म्हणतोय, अण्णांच्या एका जुन्या दोस्ताच्या पेटीत असेल. गुरुवारी तो कोल्हापूरहून येतोय.